काटा पाण्याचा नव्हे, कुळाचा

नदीचा मासा काटेरी, समुद्राचा मांसल, हा समज खडवलीला भातसेच्या काठावर जितका पक्का आहे तितकाच कल्याण-डोंबिवलीच्या मासळी बाजारातही. रोहू-कटला एकीकडे आणि पापलेट-सुरमई दुसरीकडे ठेवली तर तो खराही वाटतो. पण फरक पाण्यामुळे पडत नाही. कणा आणि फासळ्या दोन्हीकडच्या माशांना असतात; जेवणाऱ्याला छळतात ते निराळेच काटे. माशाचं मांस शिजल्यावर पापुद्र्यांनी सुटतं, कारण त्याचे स्नायू एकामागोमाग एक अशा घड्यांत रचलेले असतात आणि दोन घड्यांमध्ये तंतुमय पडदा असतो. कार्प कुळातल्या माशांत या पडद्यातले काही तंतूच हाड होतात, तेही आधी कूर्चा न बनता. शेपटीकडे हे काटे साधे, सरळ; डोक्याकडे दुफाटे आणि गुंतागुंतीचे होत जातात. बहुतेक काटे कण्याला सांधलेलेच नसतात. म्हणून कणा उचलला की पापलेट मोकळं होतं, रोहूचा काटा मात्र तुकड्यातच राहतो.

आता पाण्याचा हिशेब लावून पाहू. मरळ नदी-तळ्यांतलीच, चिखलातही तग धरणारी, पण तिच्यात हा गुंता नाही आणि मरळीचे चाहते तिला त्यासाठीच जास्त पैसे मोजतात. तारली जन्मभर समुद्रात, तरी काट्यांनी भरलेली. समुद्रातून नदीत अंडी घालायला चढणारा पाला तर या बाबतीत कुप्रसिद्धच. तारली-पाल्याचं कुळ आणि कार्पचं कुळ ही अस्थिमत्स्यांच्या जुन्या शाखांतली. तिथे हे काटे टिकले. पुढे निघालेल्या काटेरी पराच्या शाखेत ते खूप घटले. पापलेट, सुरमई, रावस याच शाखेचे आणि, गंमत म्हणजे, मरळही. मुंबई-ठाण्याच्या बाजारात समुद्रातून येणारे महाग मासे बहुतेक या शाखेचे, म्हणून समुद्राला फुकटचं श्रेय मिळतं.

यावर कुणी विचारेल, की इतके काटे निरुपयोगी कसे असतील? पोहताना स्नायूंचा जोर शेपटीपर्यंत पोचवायला त्यांची मदत होत असावी, असा तर्क आहेच. पण सुरमई त्यांच्यावाचून वेगाने पोहते. चीनमधील संशोधकांनी कार्प कुळातल्या माशांत ‘रनएक्स२बी’ हे जनुक निकामी केलं, तेव्हा हे काटे आलेच नाहीत. कणा-फासळ्या जागच्या जागी राहिल्या आणि मासे नीट वाढले. तरी एवढ्यावरून काटे फुकट म्हणणं घाईचं होईल. ते मासे टाकीत, तळ्यात दाणा खाऊन वाढलेले. आषाढातल्या भातसेच्या लोंढ्याविरुद्ध चढायची वेळ त्यांच्यावर आलेली नाही.