सात्या : वारुळावरची रानअळिंबी

• शहापूरसह भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवण्याच्या दिवसांत वारुळांपाशी उगवते.

• वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते. चघळलेल्या पाल्या-लाकडाच्या चोथ्यावर बुरशी वाढते, पावसात तिच्याच छत्र्या वर येतात.

• ओळख : छत्रीच्या मधोमध टोक. दांडा मुळासारखा लांब, थेट वाळवीच्या घरापर्यंत. धिंगरी अळिंबीसारखी ती घरात पिकवता येत नाही.

• शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस (नामकरण : रॉजर हेम, १९४२).

• लाल, पांढऱ्या ठिपक्यांची फ्लाय ॲगॅरिक निराळी : विषारी, भूर्ज-पाइनच्या मुळांशी वाढणारी. ऋग्वेदातला सोम म्हणजे हीच, असे अळिंबी-अभ्यासक गॉर्डन वॅसन यांनी १९६८ मध्ये मांडले. ते सर्वमान्य नाही.

• सावधान! काही अळिंब्यांचे विष शिजवूनही जात नाही. चांदी काळी पडण्याची कसोटी खोटी आहे.