मनांतला संघ आणि घरांतली लीग

शनिवारीं दुपारीं साडेतीन वाजण्याच्या सुमारास आजऱ्यांतील आमच्या घरांत एक विलक्षण शांतता पसरते. जेवणें आटोपलेलीं असतात, आणि सुना, पुतणे, नातवंडें अशीं घरचीं नऊ माणसें आपापल्या मोबाइलकडे, शेवटची घंटा होण्यापूर्वीं विद्यार्थी उत्तरपत्रिकेकडे पाहतात त्या दृष्टीनें पाहत असतात. साडेतीनची घटका टळली कीं एकच गलका होतो: "आजोबा, कॅप्टन कोण केला?" त्या नवांपैकीं एक प्रस्तुत लेखकही आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

हा खेळ म्हणजे इंग्लंडमधील प्रीमिअर लीगच्या सामन्यांवर आधारलेली 'फँटसी प्रीमिअर लीग' होय. ती २००२ सालीं सुरू झाली, आणि तींत भाग घेण्यास एक पैही पडत नाहीं. ज्यांस तिचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. खेळाडू खरे, सामने खरे. संघ मात्र आपल्या मनांतला. हंगामाच्या आरंभीं प्रत्येकास शंभर दशलक्ष पौंडांची काल्पनिक थैली मिळते. तींतून पंधरा खेळाडू घ्यावयाचे: दोन गोलरक्षक, पांच बचावपटू, पांच मध्यरक्षक व तीन आघाडीचे. एका क्लबाचे तिघांहून अधिक घेतां येत नाहींत. दर फेरीस त्यांतील अकरा उतरवावयाचे व चार राखीव ठेवावयाचे. खेळाडू प्रत्यक्ष सामन्यांत जें करून दाखवील त्याचे गुण आपल्या खातीं जमा होतात. कप्तानाचे दुप्पट होतात. अशा अडतीस फेऱ्या ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत चालतात.

या खेळाकडे मीं पहिल्यानें अत्यंत संशयानें पाहिलें, आणि त्यास कारण होतें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या भावाच्या मुलानें, मनांतले संघ रचून पैसे लावावयाच्या अशाच एका खेळांत, शिकवणीच्या शुल्कासाठीं दिलेले अठरा हजार रुपये घालविले. रक्कम गेली याहून, ती गेल्याचें त्यानें सात महिने लपविलें, याचें दुःख घरांत अधिक झालें. बापलेकांचें बोलणें बंद पडलें. एका पंक्तीस बसत, पण वाढतांना एकमेकांशीं बोलावयाचें तें आईच्या मार्फत.

मुलाला 'हें करूं नको' असें सांगून आपलें कर्तव्य संपतें, असें पुष्कळ घरांत मानतात. तीस-पस्तीस वर्षें मास्तरकी केल्यावर माझा त्यावर विश्वास उरलेला नाहीं. गणित चुकलेल्या मुलाला केवळ फुली मारून दिली तर तो पुढचें गणितही तसेंच चुकवितो; कोणत्या पायरीवर चुकला तें त्यास दिसलें पाहिजे. माझी नात पुण्यास संख्याशास्त्र शिकते. तिनें २०२४ च्या ऑगस्टांत सुचविलें कीं, घरच्याच माणसांची एक निःशुल्क लीग काढावी. शेवटच्या क्रमांकानें पहिल्या क्रमांकाच्या आवडीचें जेवण रांधावें, एवढाच पण. आणि प्रत्येकानें घटका टळण्यापूर्वीं आपला निर्णय व त्याचें कारण एका वहींत लिहावें, ही तिची अट. त्या 'कारणवही'नें आम्हांला जें शिकविलें तें वाचकांपुढें ठेवतों.

पहिली गोष्ट अशी कीं, जो मैदानांत उतरतो तोच गुण मिळवितो. साठ मिनिटें खेळल्यास दोन गुण, त्याहून कमी खेळल्यास एक, आणि बाकावर बसून राहिल्यास शून्य. मीं आरंभीं वर्तमानपत्रांत नांव वाचलेले मोठमोठे खेळाडू घेतले; तीन आठवड्यांत त्यांतील चौघे बाकावर दिसले. ज्या क्लबांना आठवड्याच्या मध्यास युरोपांतील सामने खेळावयाचे असतात, ते आपल्या उत्तम खेळाडूंस मधून मधून विश्रांति देतात. म्हणून नांवापेक्षां नित्य खेळणारा पाहावा, आणि सामन्यापूर्वीं प्रशिक्षक पत्रकारांस दुखापतींविषयीं काय सांगतात तें अवश्य वाचावें.

दुसरी गोष्ट स्थानाच्या मोलाची. तोच गोल बचावपटूनें केला तर सहा गुण, मध्यरक्षकानें केला तर पांच, आघाडीच्या खेळाडूनें केला तर चार. गोलास साहाय्य केल्याचे तीन. आपल्या संघावर एकही गोल न झाल्यास गोलरक्षक व बचावपटू यांस चार गुण, मध्यरक्षकास एक, आघाडीवाल्यास कांहीं नाहीं. २०२४-२५ च्या हंगामांत लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहनें ३४४ गुणांचा विक्रम केला. त्यानें २९ गोल केले. आणि तो प्रत्यक्षांत आघाडीस खेळत असला तरी या खेळांत त्याची गणना मध्यरक्षकांत होती. म्हणजे गोलांचेच १४५ गुण झाले. आघाडीवाला गणला असता तर ११६ झाले असते. शिवाय हंगामाच्या आरंभीं त्याची किंमत साडेबारा दशलक्ष होती, तर मँचेस्टर सिटीच्या हालंडची पंधरा. ज्यानें नियम नीट वाचले त्यास हा लाभ सामना पाहण्यापूर्वींच दिसला. पेनल्टी कोण मारतो हेंही याच दृष्टीनें पाहून ठेवावें.

तिसरी गोष्ट थैलीची. दोघा-तिघां मोठ्या खेळाडूंवर सढळ हातानें खर्च करावा, राखीवांत मात्र स्वस्तांतले स्वस्त, पण थोडें तरी खेळणारे घ्यावे. गृहिणींना हें निराळें सांगावयास नको. सणाचें पक्वान्न व रोजचें वरण यांवर सारखाच खर्च करणारें घर कधीं पाहिलें नाहीं. किंमती हंगामांत चढतात-उतरतात. परंतु चढलेल्या किंमतीचा निम्माच नफा विकतांना हातीं येतो. सहास घेतलेला खेळाडू सहा पूर्णांक चार झाला तर विकतांना सहा पूर्णांक दोन मिळतात. तेव्हां किंमतीच्या मागें धावून व्यापार करूं पाहणाऱ्याच्या पदरीं फारसें पडत नाहीं.

चौथी, पुढें पाहण्याची. एका सामन्याकडे पाहून खेळाडू घेऊं नये. त्याच्या संघाचे पुढील पांच-सहा सामने कोणाशीं आहेत, घरच्या मैदानावर किती, हें एका कागदावर मांडावें. ज्याचा मार्ग सोपा आहे असा सामान्य खेळाडू, ज्याच्यापुढें डोंगर आहेत अशा नामांकितास पुष्कळदां मागें टाकतो.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, व तींतच आमच्या पुतण्याचें मर्म सांपडलें. दर आठवड्यास एक बदली फुकट मिळते. ती वापरली नाहीं तर सांठते, व २०२४-२५ पासून अशा पांच बदल्या सांठवितां येतात. त्याहून अधिक बदली केली कीं दर बदलीस चार गुण कापले जातात. नव्या खेळाडूनें जुन्याहून चार गुण अधिक मिळविले तेव्हां कोठें आपण होतों तेथें येतों, हा हिशेब साधा आहे. पण आदल्या आठवड्यास कोणी दोन गोल केले कीं त्यास घ्यावें, पडला कीं काढावें, असा मोह अनावर होतो. पहिल्या दहा फेऱ्यांत पुतण्यानें सोळा जादा बदल्या केल्या. दिवाळीस नातीनें वही त्याच्यापुढें ठेवली. सोळा चोक चौसष्ट गुण गेले होते, आणि पहिल्या क्रमांकापासून तो एक्कावन्न गुणांनीं मागें होता. सोळांपैकीं अकरा ठिकाणीं कारणाच्या रकान्यांत एकच वाक्य होतें: 'गेल्या वेळचें भरून काढण्यासाठीं.' तो पुष्कळ वेळ वहीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, त्या अठरा हजारांचेंही असेंच झालें होतें." त्यास उपदेश करण्याची गरज मला त्यानंतर पडली नाहीं.

सहावी गोष्ट कप्तानाची. लहान लीगमध्यें कप्तान निवडतांना इतरांकडेही लक्ष द्यावें लागतें. आपण पुढें असलों तर बहुतेकांनीं केलेलाच कप्तान करावा, म्हणजे त्यानें गुण मिळविले तरी अंतर कायम राहतें. मागें असलों तर तोच मार्ग धरून कधींच गांठतां येणार नाहीं. तेथें विचारपूर्वक निराळा खेळाडू घ्यावा. मात्र निराळा म्हणजे वेडावांकडा नव्हे. तसेंच संघ पूर्ण बदलण्याची, राखीवांचेही गुण घेण्याची, कप्तानाचे गुण तिप्पट करण्याची अशा कांहीं विशेष सवलती असतात. २०२५-२६ च्या हंगामांत त्या प्रत्येक अर्धांत एकेकदां दिल्या आहेत. पुढें ढकललेल्या सामन्यांमुळें एखाद्या फेरींत कांहीं संघ दोनदां खेळतात; सवलती शक्यतों त्या फेरीसाठीं राखाव्या.

सातवी आमच्या जिल्ह्यापुरती विशेष. कोल्हापुरांत शाहू स्टेडियमवर पाटाकडील व खंडोबा तालमींचा, किंवा दिलबहार व शिवाजी तरुण मंडळाचा सामना ज्यानें पाहिला आहे, त्यास पेठेचा अभिमान काय असतो हें सांगावयास नको. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून उतरला तो याच मातींतून. तो अभिमान मैदानावर शोभतो. मनांतला संघ रचतांना मात्र तो दाराबाहेर ठेवावा लागतो. माझी धाकटी सून आर्सेनलची भक्त. टॉटनहॅमचा खेळाडू घ्यावयाचा नाहीं, या हट्टापायीं तिनें किती गुण घालविले तें वहींत नमूद आहे.

एक व्यावहारिक सूचना: पहिल्या सामन्यापूर्वीं दीड तास निवड बंद होते. ऑक्टोबरअखेर लंडनचें घड्याळ एक तास मागें जातें, तेव्हांपासून आमची साडेतीनची घटका साडेचारला येते; आणि शुक्रवारीं रात्रीं सामना असेल तर निवड त्याच रात्रीं बंद होते.

आतां कौशल्य किती व दैव किती? बुद्धिबळाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन डिसेंबर २०१९ मध्यें सुमारें सत्तर लक्ष खेळणाऱ्यांत कांहीं काळ पहिला होता, यावरून बुद्धीला वाव आहे हें उघड आहे. तथापि चेंडू खांबास लागून आंत जाईल कीं बाहेर, हें कोणाच्याच बुद्धीनें कळत नाहीं. आपल्या न्यायालयांपुढेंही हा प्रश्न आला. अशा एका खेळाविषयीं २०१७ सालीं पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें, व २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें, तो कौशल्याचा आहे असा निर्णय दिला. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून, खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसे लावावयाचे ऑनलाइन खेळ चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास बंदी घातली. मला ती योग्य वाटते. हरलेले गुण वहींत राहतात; हरलेला पैसा माणसाला लपवावयास शिकवितो.

महाभारतांतील नलाची कथा येथें आठवते. द्यूतांत राज्य घालवून नल ऋतुपर्णाचा सारथि झाला. वाटेंत ऋतुपर्णानें बेहड्याच्या झाडावरील पानांची व फळांची संख्या नुसत्या दृष्टीनें सांगितली, आणि नलानें उतरून मोजलें तों ती बरोबर निघाली. ती गणनेची विद्या नलानें शिकून घेतली, त्या क्षणीं त्याच्या देहांतील कलि बाहेर पडला. मोजावयास शिकणें हाच कलीवरचा उतारा, असें मला त्या कथेचें तात्पर्य वाटतें. नल पुढें पुन्हा द्यूत खेळून राज्य जिंकला, तेवढा भाग मात्र आमच्या घरीं अनुकरणीय मानलेला नाहीं!

पहिल्या हंगामाअखेर नात पहिली आली, पुतण्या दुसरा, मी सहावा. शेवटचा आला माझा धाकटा भाऊ. ठरल्याप्रमाणें तो स्वयंपाकघरांत शिरला. घनसाळचा भात व ओल्या काजूची उसळ हा बेत होता. जन्मांत चूल न पाहिलेला माणूस, शेवटीं दारांत उभ्या असलेल्या मुलाकडे वळून म्हणाला, "अरे, मीठ किती घालूं?" मुलगा आंत गेला. उसळ किंचित् खारट झाली होती, परंतु पंक्तींत कोणी तसें बोललें नाहीं.

ज्या घरांत तरुण मुलें या खेळाकडे वळलीं आहेत, त्या घरच्या वडील मंडळींस माझें सांगणें इतकेंच कीं, दुरून रागावूं नये; पैसा बाहेर ठेवावा, एक वही घालावी, आणि स्वतः खेळांत उतरावें.