दगडांचा इतिहास, माणसांचा इतिहास

डहाणू किल्ला : पोर्तुगीजांकडून १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई मोहिमेत घेतला; पुढे इंग्रजांकडे गेला.

झरी (तलासरी) : २३ मे १९४५. किसान सभेच्या परिषदेला हजारो वारली आदिवासी जमले. निर्धार केला : वेठ बंद, लग्नगडी बंद. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको सावकाराकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत.

तलवाडा : १० ऑक्टोबर १९४५. वारल्यांच्या जमावावर पोलिसांचा गोळीबार; जेठ्या गांगडसह पाच हुतात्मे.

या लढ्याची लेखी साक्ष : गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२.

प्रश्न : वारसाफलकावर फक्त किल्ला जिंकणाऱ्यांचीच नावे का? परकी सत्ता आणि सावकारी यांच्या जात्यात भरडलेल्या, तरीही ताठ उभ्या राहिलेल्या वारल्यांची नावेही तिथे कोरली गेलीच पाहिजेत.