सॅम्पलमध्येच लोच्या!

पार्टटाइम एमबीएचं शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्टचा विषय एकदम झकास: लोक नोकरी का सोडतात? ऑफिसातल्याच ६० जणांना फॉर्म वाटले, चहाच्या ब्रेकमध्ये गोळा केले, एक्सेलमध्ये रंगीत पाय चार्ट काढला. बहुतेक सगळे समाधानी! (फॉर्मवर नाव लिहायला लावलं होतं, हे नंतर लक्षात आलं.)

गाइड मॅडमनी पानं चाळली. ‘‘सोडून गेलेल्यांपैकी कुणाला विचारलंस?’’

माझी बोलतीच बंद.

मग त्यांनी १९३६ चा किस्सा सांगितला. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या. अंदाज छापला, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं मारली! नावं घेतली होती टेलिफोन डिरेक्टरीतून, मोटारमालकांच्या याद्यांतून. ऐन मंदीत फोन आणि गाडी कुणाकडे असणार? त्यात उत्तर पाठवायची तसदीही ठरावीक लोकच घेतात. म्हणजे आकडा कितीही मोठा असो, माणसं चुकीची तर सगळंच मुसळ केरात.

‘पगार आणि बॉसबद्दल समाधानी आहात का?’ हा माझा लाडका प्रश्नही उडाला. एका प्रश्नात दोन प्रश्न. ‘हो’ नेमकं कशाला?

सबमिशनला सतरा दिवस उरलेत. सोडून गेलेल्या बारा जणांची यादी केली. पहिला फोन जुन्या टीममेटला. तिनं पगाराचं नावही काढलं नाही. म्हणाली, ‘‘रात्री अकराचे मेल रे.’’

त्यातले निम्मे मीच पाठवायचो.