शाळेच्या फाटकाशी

जून महिना अर्धा सरला, की महाराष्ट्रातील शाळा उघडतात. विदर्भात उन्हाच्या प्रखरतेमुळे हा मुहूर्त काही दिवस पुढे जातो, एवढाच काय तो फरक. त्या आठवड्यात सकाळी कोणत्याही बालवाडीच्या फाटकाशी घटकाभर उभे राहावे, म्हणजे ज्या घरात तीन वर्षांचे मूल आहे त्या घरावर कोणता प्रसंग गुदरला आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. एक मूल मावशींच्या कडेवरून निसटू पाहत असते, दुसऱ्याने आईची ओढणी मुठीत अशी आवळलेली असते की ती सोडवताना बाईंची बोटे दुखावीत, आणि भिंतीच्या आडोशाला उभे राहून आतल्या आवाजांतून आपल्याच लेकराचे रडणे ओळखू पाहणारे आईबापही तेथे हटकून दिसतात.

मराठीने या प्रसंगासाठी दोन क्रियापदे मोठी मार्मिक राखली आहेत. मुलाला शाळेत ‘टाकले’ असे आपण सांगतो, आणि आठवडा उलटला की शेजारीण विचारते, ‘रुळलं का हो?’ टाकणे एका सकाळचे काम आहे. रुळण्याला मात्र मुदत लागते, आणि ती मुदत ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी मुलाकडे असतो. बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत रुळतात, काहींना त्याहून अधिक काळ लागतो. आणि या बाबतीत थोरल्या भावंडाचा किंवा शेजारच्या घरातील मुलाचा दाखला देण्याइतके निरुपयोगी दुसरे काही नाही.

या मुदतीत आपल्याकडे जी एक मसलत सर्रास केली जाते, तिच्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कारण माझ्या नातवाच्या वेळी तिचा सूत्रधार मीच होतो. मी त्याला शाळेच्या अंगणातला झोपाळा दाखवावा, तो झोक्यात रमला की सुनेने मागच्या दाराने निघून जावे, असा आमचा बेत ठरला व तो इतका बिनबोभाट पार पडला, की घरी परतताना मला माझ्या चातुर्याचे कौतुक वाटले. त्याची किंमत पुढील पंधरा दिवस सुनेने मोजली. ती स्नानाला गेली तरी नातू दाराला कान लावून बसे, रात्री दोनदा उठून ती अंथरुणावर आहे ना हे चाचपून पाही, आणि झोपाळ्याकडे तर तो फिरकेनासाच झाला. मुलाच्या बाजूने पाहिले, तर त्याचा हिशेब चुकीचा नव्हता: नजर वळली की आई नाहीशी होते, हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते, आणि म्हणून नजर वळवायचीच नाही असे त्याने ठरविले.

तेव्हा निरोप घेऊनच निघावे. मूल रडले तरी सांगून निघावे, आणि एकदा निघाल्यावर रडणे ऐकून पुन्हा आत डोकावू नये, कारण जोराने रडले की आई परत येते हाही धडा मूल तितक्याच तत्परतेने गिरवते. परत येण्याची वेळ मात्र मुलाला कळेल अशा मापाने सांगावी. ‘साडेअकराला येते’ या वाक्याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. ‘डबा खाऊन झाला, गाणं म्हणून झालं, की मी फाटकाशी उभी असेन’ याला असतो. आणि हा करार झाल्यावर पाच मिनिटांचा उशीरही करू नये.

रडणाऱ्या मुलाची चिंता सारेच वाहतात. न रडणाऱ्याची कोणी वाहत नाही. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने १९५२ साली एक माहितीपट प्रसिद्ध केला. अडीच वर्षांच्या आतबाहेरची एक मुलगी शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, आणि आईवडिलांना तेथे फारसे थांबू दिले जात नाही, एवढाच त्याचा विषय. मुलगी आकांत करीत नाही. ती ओठ घट्ट मिटून हुंदका गिळते, आणि त्या गिळलेल्या हुंदक्यानेच पाहणारा हेलावतो. मूल शांत झाले म्हणजे निवळले, ही तोवरची रुग्णालयांची समजूत होती. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी तिला हादरा दिला, व १९५९ मध्ये तेथील एका सरकारी समितीने पालकांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे, अशी शिफारस केली. रुग्णालयातील आठ दिवस आणि बालवाडीतील तीन तास यांची बरोबरी करणे अर्थात योग्य नव्हे; तरीही जे मूल शाळेत मुळीच रडत नाही, पण डबा तसाच परत आणते, कोणाशी बोलत नाही आणि घरी पुन्हा अंथरूण ओले करू लागते, त्याच्याविषयी बाईंशी निवांत बोलावे. ओल्या अंथरुणाबद्दल मुलाला बोल लावू नये. काही आठवड्यांनीही ते थांबले नाही, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

ताराबाई मोडक यांची या संदर्भात आठवण होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या समवेत बालशिक्षणाचा अनुभव घेऊन त्या महाराष्ट्रात परतल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा मुलांवर हजेरीची सक्ती न करता त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम पुढे वाढले. आज ज्या शब्दाचा अर्थही आपण शोधत नाही, त्या अंगणवाडीत ते अंगण अद्याप शिल्लक आहे.

घरच्या माणसांना याच वाटेने थोडे चालता येते. शाळा सुरू होण्याआधी मे महिन्यात दोन-चार संध्याकाळी त्या रस्त्याने फिरून यावे, फाटक दाखवावे, शक्य असल्यास बाईंची भेट घडवावी. मुलाला स्वतः उघडता येईल असाच डबा घ्यावा, आणि त्यातून घरी आठवडाभर खाऊ घालावे. झाकण निघत नाही म्हणून उपाशी राहिलेली मुले मी पाहिली आहेत. नाडीची चड्डी देऊ नये, इलॅस्टिकची द्यावी. शी-शू लागली हे घरच्या खुणेने नव्हे, बाईंना कळेल अशा शब्दांत सांगण्याची सवय लावावी. रात्री निजण्याची वेळ पंधरा दिवस आधीपासून मागे आणावी, कारण सकाळच्या अर्ध्या रडण्याचे मूळ अपुऱ्या झोपेत असते. आणि ‘थांब, शाळेत गेलास की बाई बघतील तुझ्याकडे’ हे वाक्य, ज्याने आपल्या पिढीतील कित्येकांना शाळेआधीच शाळेचे भय घातले, ते आजी-आजोबांसह साऱ्या घराने वर्ज्य करावे.

आता वडिलांना एक विनंती. पहिल्या दिवशी रजा काढून, नवे दप्तर पाठीला लावलेल्या मुलाची छायाचित्रे घेण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. त्या दिवशी नवलाई असते, खाऊ असतो, पुष्कळ मुले हसतच आत जातात. शाळा रोजचीच आहे, हे मुलाच्या ध्यानी येते ते रविवारची सुट्टी उपभोगल्यानंतर. आणि खरा आकांत होतो तो दुसऱ्या सोमवारी. कचेरीतून एकच रजा मिळणार असेल, तर ती त्या सोमवारसाठी राखून ठेवावी.