बालवाङ्मयातील आदिवासी पात्रांची भाषा : मारेगाव परिसरातील कोलाम मुलांच्या संदर्भात

१

बालवाङ्मयात एखाद्या समाजास स्थान मिळाले आहे की नाही, हे ठरविताना सामान्यतः पात्रांची नावे, पोशाख, सण आणि चित्रे यांकडे पाहिले जाते. पात्र बोलते कसे, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. वस्तुतः वाचणाऱ्या मुलास आपली ओळख पटते ती प्रथम बोलण्यातून. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्याच्या कोलाम मुलांच्या संदर्भात केला आहे.

अमेरिकेत या विषयाची चर्चा बरीच झाली आहे. १९६२ ते १९६४ या काळातील पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांची पाहणी करून नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये असे दाखविले की, कृष्णवर्णीय व्यक्ती त्यांपैकी शेकडा सातांहूनही कमी पुस्तकांत आढळते. १९९० मध्ये रूडीन सिम्स बिशप यांनी पुस्तकास आरसा व खिडकी यांची उपमा दिली. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांच्या बाबतीत भाषेचा प्रश्न अधिकच स्पष्ट होतो. मूळच्या प्वेर्तो रिकोच्या पुरा बेलप्रे १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाल्या आणि पुढे तेथे त्यांनी मुलांना इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत कथा सांगितल्या. त्यांच्या नावाचा बालवाङ्मय पुरस्कार १९९६ पासून दिला जातो. या वाङ्मयात इंग्रजी वाक्यातील स्पॅनिश शब्द तिरप्या टाइपात छापण्याची रूढी होती. अलीकडील अनेक लेखकांनी ती सोडली. तिरपा टाइप शब्दास परका ठरवितो. परंतु त्या मुलाच्या घरात तो शब्द परका नसतोच.

२

मारेगाव परिसरातील कोलाम वस्तीस ‘पोड’ म्हणतात. कोलामांची कोलामी ही मध्य द्राविडी गटातील भाषा होय. एम. बी. एमेनो यांचे तिच्यावरील विवेचन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणाऱ्यांची देशातील संख्या सुमारे १ लाख २८ हजार होती. उलट एकट्या महाराष्ट्रात कोलाम जमातीची लोकसंख्या १ लाख ९० हजारांहून अधिक होती. याचा अर्थ असा की, जमातीतील पुष्कळांनी कोलामीखेरीज अन्य भाषा मातृभाषा म्हणून नोंदविली.

कोलामी बोलणाऱ्या मुलाभोवती तीन भाषारूपे असतात : घरी कोलामी, बाजारात वऱ्हाडी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. यांतील अंतर लहान नाही. मराठीत नामांची तीन लिंगे आहेत. कोलामीत पुरुषवाचक नामे एका वर्गात, तर स्त्रिया, प्राणी व वस्तू यांची नामे दुसऱ्या वर्गात मोडतात. मराठी लिंगयोजनेत असे मूल चुकले, तर ते बुद्धिमांद्य नव्हे. एका नियमव्यवस्थेतून दुसरीत जाताना होणारी ती स्वाभाविक अडचण आहे. पुढे वऱ्हाडीत ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा उच्चारला जातो, आणि ‘तो जाऊन राहिला’ याचा अर्थ ‘तो जात आहे’ असा होतो. म्हणजे पोडावरील मूल मराठी शिकते तीही पुस्तकातील मराठी नव्हे.

३

मराठी बालवाङ्मयातील परिचित नायक पाहिले, तर साने गुरुजींचा श्याम कोकणातला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्यास शिकावयास आलेला. कथेच्या केंद्रस्थानी आदिवासी मूल क्वचितच येते. ते येते तेव्हा त्यास भाषा देण्याच्या तीन रीती संभवतात.

पहिली, मोडक्या मराठीची. हिच्यात मोठा दोष आहे. आपल्या भाषेत अस्खलित बोलणाऱ्या मुलास ती जन्मतःच अडखळणारे ठरविते. दुसरी, प्रमाण मराठीची. हिच्यात अवमान नाही. परंतु मुलाची भाषा कोठेच उरत नाही आणि ‘कोलाम’ हे केवळ नावापुरते राहते. तिसरी रीत अशी की, पात्रे आपसांत कोलामीत बोलत आहेत हे कथेने गृहीत धरावे, ते बोलणे सहज मराठीत मांडावे आणि नातेवाचक शब्द, हाका व वस्तूंची नावे मूळ रूपात ठेवावीत. पात्र परक्याशी मराठीत बोलू लागले म्हणजेच त्याचे अडखळणे दाखवावे. अशाने अडखळणे हा स्वभाव न राहता प्रसंग ठरतो.

येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याची आठवण होते. १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभ झालेले व पुढे कोसबाडला गेलेले हे कार्य वारली मुलांच्या परिसरावर उभे होते. मात्र वारली ही मराठीस जवळची, आर्यकुलातील बोली आहे. कोलामीच्या बाबतीत तशी पायरी नाही; ती पुस्तकानेच बांधावी लागते.

४

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी पुरविण्यासंबंधीचे कलम ३५०-अ हे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात आले. त्या सोयींत पाठ्यपुस्तकाइतकेच गोष्टीच्या पुस्तकालाही महत्त्व आहे. यास्तव अशा पुस्तकाचे परीक्षण करताना तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. पात्र कोणाशी कोणत्या भाषेत बोलते? त्याच्या भाषेतील शब्द शोभेपुरते आहेत, की कथेस आवश्यक आहेत? आणि पोडावरील जाणत्यांनी तो मजकूर ऐकून मान्य केला आहे काय?

भाषेची पिछेहाट पुष्कळदा मुलाच्या संकोचापासून सुरू होते. छापील पानावर आपल्या घरचा शब्द सन्मानाने आलेला पाहणाऱ्या मुलास तो शब्द लपविण्याचे कारण उरत नाही. मराठी वाचणाऱ्या इतर मुलांचाही यात लाभ आहे. आपल्याच जिल्ह्यात मराठीहून निराळी आणि तितकीच नियमबद्ध भाषा नांदते, हे त्यांना त्या पुस्तकातूनच प्रथम कळावयाचे आहे.