शेजारचा कारखाना आणि आपला दर



गटाच्या बैठकांतून आम्हा शेतकी विभागाच्या माणसांना एकच प्रश्न सारखा विचारला जातो. "साहेब, पलीकडचा कारखाना चार पैसे जास्त देतोय, ऊस तिकडं घातला तर बिघडलं कुठं?" प्रश्न रास्त आहे. त्यावर रागावून भागणार नाही.

ज्वारीला भाव नसला तर ती कणगीत ठेवता येते. उसाचे तसे नाही. तुटल्यापासून त्याचे वजन घटते, उतारा उतरतो. एक-दोन दिवसांत तो गव्हाणीत पडलाच पाहिजे. म्हणजे उसाची बाजारपेठ गाडी वेळेत पोहोचेल तेवढीच. तेवढ्या टापूत कारखाना एकच असला तर तो म्हणेल तो दर. म्हणूनच कायद्याने किमान दराची हमी दिली आहे. हल्लीची एफ.आर.पी. 2009 पासूनची, त्याआधी एस.एम.पी. होती. 2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के उताऱ्यास टनाला 3400 रुपये हा दर होता. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे न दिल्यास 15 टक्के व्याजाचीही तरतूद आहे.

पूर्वी झोनबंदी होती. 1984 च्या आदेशाने कार्यक्षेत्रातला ऊस त्याच कारखान्याला घालावा लागे. 1997 मध्ये ती उठली आणि सभासदाच्या हातात पर्याय आला. खरे सांगायचे तर त्यानंतर आम्हीही जरा जागे झालो! तोडीची तारीख चुकली तर शेतकरी दुसरीकडे जातो, हे कळल्यावर पाळीपत्रक पाळावेच लागते.

पण दुसरीकडून कुंपण राहिले. 2006 मध्ये केंद्राने दोन कारखान्यांत किमान 15 किलोमीटर हवाई अंतराची अट घातली, आपल्या राज्याने पुढे ते 25 केले. त्यामागे कारण आहे. ऊस तेवढाच आणि कारखाने दुप्पट झाले, तर दोघांचेही गाळप अर्धवट राहते. पगार, कर्जाचे हप्ते, दुरुस्ती यांचा खर्च मात्र कमी होत नाही. तो उरलेल्या टनांवर चढतो आणि शेवटी दरातूनच जातो. उलट, नवा कारखाना जवळ येणार नाही ही खात्री झाली की जुन्याला सुस्ती येते. 2012 मध्ये रंगराजन समितीने ही अट काढून टाकावी असेच सुचवले होते. आम्हाला ते पूर्ण पटत नाही, पण सुस्तीबद्दलचे म्हणणे खोडता येत नाही.

साखरेच्या बाजूलाही मोकळा बाजार नाही. 2013 मध्ये लेव्ही गेली, तरी 2018 मध्ये भाव कोसळल्यावर सरकारला किलोला 29 रुपयांची किमान विक्री किंमत ठरवावी लागली. 2019 मध्ये ती 31 झाली. उसाचा दर पुढे चढत गेला, तसा साखरेचा किमान भाव त्या मानाने चढला नाही. मधली ओढाताण कारखान्याच्या खात्यात दिसते.

तेव्हा बाहेर ऊस घालायचाच असेल तर नुसता जाहीर दर ऐकू नका. तोडणी-वाहतूक वजा जाता हाती काय पडले, काट्यावर वजन किती भरले, पैसे कितव्या दिवशी आले, हे तिकडे ऊस घातलेल्या शेजाऱ्याच्या बिलावरून बघा. आपल्या कारखान्याचे बिलही शेजारी ठेवा. तफावत दिसली तर दोन्ही बिले घेऊन गट ऑफिसला या. झोनबंदी परत आणा म्हणण्यापेक्षा ती तफावत कुठून आली ते शोधणे हे आमचे काम आहे.

— ऊस विकास अधिकारी